भाऊ, ती तारीख मी चुकवली नव्हती

भाऊ, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे.

तुमच्या तेराव्याला मी आले होते. मांडवाबाहेर चपला ठेवायला जागा नव्हती. मी बायकांच्या बाजूला, अगदी मागे बसले. लोक तुमच्याबद्दल बोलत होते. प्रल्हादभाऊंनी पुण्याची नोकरी सोडली, वडिलांना लकवा झाला म्हणून गावी परतले, धाडसारख्या गावात कॉम्प्युटर आणला आणि कापूसवाल्यांच्या मोबाइलवर मराठीत मेसेज आणला. सगळं खरंच होतं. मीही मान हलवत होते. मग माझ्या पुढची एक बाई शेजारणीला म्हणाली, "लय मोठ्या मनाचा मानूस. त्या गादीवाल्याच्या पोरीनं मशीन बिघडवली, लोकायचा कापूस गेला, तरी तिले एका शब्दानं बोलले नाई. भर सभेत माफ केलं."

ती गादीवाल्याची पोरगी आपल्या पाठीमागेच बसली आहे, हे तिला माहीत नव्हतं. मी प्रसाद न घेताच उठले.

त्या बाईवर माझा राग नाही. तिने जे ऐकलं होतं तेच सांगितलं. ते तिला ऐकवलं तुम्ही.

तुमचे माझ्यावर किती उपकार आहेत ते मी विसरलेले नाही. ते आठवतात म्हणूनच तर हे इतकं खुपतं. बारावीनंतर मी घरीच होते. अब्बांच्या दुकानात रजईला टाके घालायचे, एवढंच काम. तुम्ही गादी भरून घ्यायला आलात आणि मला कापसाच्या वजनांची बेरीज मनातल्या मनात करताना पाहिलंत. अब्बांना म्हणालात, "चाचा, हिले माह्याकडं पाठवा. कॉम्प्युटर शिकवतो." अब्बा हसले आणि विषय बदलला. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आला नाहीत, रेखावहिनींना पाठवलंत. वहिनी दुकानाच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "चाचा, मी घरीच असतो दिवसभर. पोरगी माह्या नजरेसमोर राहीन." त्यानंतर अब्बांना नाही म्हणता आलं नाही. हे तुम्हाला सुचलं होतं. माणसाची अडचण कुठे आहे ते तुम्हाला न सांगता कळायचं.

तुमच्या पुढच्या खोलीत ते मशीन होतं. तुम्ही बांधलेल्या गटातल्या शेतकऱ्यांनी पेरणीची तारीख सांगायची, मी ती मशीनमध्ये भरायची. मग मशीन रोज दिवस मोजायचं आणि ज्याच्या कपाशीला जितके दिवस झाले त्याप्रमाणे त्याला मेसेज पाठवायचं. आता अळीच्या पतंगांसाठी सापळे लावा. आता डोमकळ्या शोधा, म्हणजे ज्या फुलांच्या पाकळ्या चिकटून मिटलेल्या राहतात ती, कारण आत अळी असते. बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं बोंडअळी दिसेनाशी झाली होती. लोकांनी बोंड फोडून पाहणंच सोडून दिलं. मग गुलाबी अळी आली आणि ती बीटीला मरेना. तुम्ही म्हणायचात, "बियान्यानं अळी नाई मारली शाहीन, लोकायची वावर पाह्याची सवय मारली. आपल्याले ते सवय परत लावाची हाय." ह्या वाक्यासाठी मी तुमच्याकडे रोज यायला तयार होते.

प्रोग्राम तुम्हीच लिहिला होता, पर्ल नावाच्या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत. मला ती भाषा तुम्ही शिकवलीत. मॉड्यूल म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणालात, "आपल्याकडं डवरा नसला तं शेजाऱ्याचा आनतो ना? तसं. कोनीतरी आधीच करून ठेवलेलं अवजार. तारीख मोजाचं अवजार म्या कशाले बनवू, ज्यानं बनवलं त्याचं घ्याचं." आणि मग तुमचा तो आवडता वाद: जुनी भाषा सोडून नव्या भाषेत सगळं परत लिहावं की नाही. मी लिहू म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, चालतंय ते हलवायचं नाही. वहिनी आतून ओरडायच्या, "चहा थंडा होऊन राह्यला, भांडनं मंग करा."

ज्या वर्षी ते घडलं, त्या वर्षी पेरणीच्या तोंडावर मशीनची डिस्क गेली. नवी डिस्क टाकून आपण सगळं परत बसवलं. याद्यांची आणि प्रोग्रामची प्रत वेगळी ठेवलेली होती, म्हणून ते बचावले. पण तो सुरू केला तर पहिल्याच पायरीवर अडला. तारखेचं मॉड्यूल सापडत नाही, असं म्हणून थांबला. ते अवजार जुन्या डिस्कबरोबरच गेलं होतं.

मी म्हटलं, नवं आणू. तेव्हा धाडला इंटरनेट धड चालत नव्हतं. शिवाय नव्या मॉड्यूलला सोबत आणखी दोन-तीन मॉड्यूल लागत होती, त्यांना पुन्हा त्यांची. मी म्हटलं, मी उद्याच्या जीपने बुलढाण्याला जाते, सगळी एकदम पेन ड्राइव्हवर घेऊन येते. तुम्ही कपाट उघडलंत आणि पुण्याच्या काळातली एक सीडी काढलीत. तिच्यावर त्याच मॉड्यूलची फार जुनी प्रत होती, जिला दुसरं काहीच लागत नव्हतं.

"भाऊ, हे नको," मी म्हटलं. "आपण वापरत होतो ते हे नव्हतं. दोन दिवसांनी काय बिघडतंय?"

"लोकं वाट पाहून राह्यले, बाई. मान्सूनपूर्व कपाशीवाले कालपासून फोन करून राह्यले."

तुम्ही ते बसवलंत. त्या दिवशीची तारीख टाकून पाहिली. महिन्याचा शेवट होता. मशीनने ती बरोबर वाचली. मी म्हटलं, अजून दोन-चार तारखा टाकून पाहू. तुम्ही हसलात. "तारीख ते तारीख. शंका काऊन घेतं एवढ्या?"

काय चुकणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तुमच्या हातातून ती सीडी ओढून घेतली असती. मला फक्त बरं वाटत नव्हतं, एवढंच मी म्हटलं होतं.

सप्टेंबरात गटातले सुभाषकाका तुमच्या दारात आले. त्यांची ओलिताची कपाशी, जूनच्या सुरुवातीलाच लावलेली. सापळ्याचा मेसेज त्यांना इतक्या उशिरा आला की तोवर बोंडात अळी शिरलेली होती. "तुमच्या मेसेजवर इसंबून राह्यलो भाऊ, न्हाईतं मीच पाह्यलं असतं," असं म्हणून ते गेले. मग आपण दोघांनी मशीन उघडलं. तुम्ही सात जून टाकलं, आकड्यांत ७/६. मशीनने सहा जुलै दाखवलं. आठ जून टाकलं तर सहा ऑगस्ट. आपण दिवस आधी आणि महिना नंतर लिहितो. ती जुनी प्रत अमेरिकेच्या रिवाजाने महिना आधी वाचत होती. दिवसाचा आकडा बाराच्या पुढचा असला की तो महिना असूच शकत नाही, म्हणून तिथे ती आपोआप नीट वाचायची. आपण तपासलेली तारीख त्यातलीच होती. ज्यांनी जूनच्या सुरुवातीला पेरलं, त्यांच्याच तारखा उलट्या झाल्या. कुणाला मेसेज उशिरा, कुणाला लवकर, कुणाला आलाच नाही. आणि गुलाबी अळी आधी उतरते ती लवकर पेरलेल्याच कपाशीवर.

तुम्ही मशीन बंद केलंत. मग म्हणालात, "सभेत मी पाह्यतो. तू काई बोलू नको."

मला वाटलं, तुम्ही मला वाचवताय.

सभा बाजाराजवळच्या शेडमध्ये झाली. सुभाषकाकांनी पिशवीभर बोंडं आणली होती. त्यांनी एकेक फोडून सतरंजीवर टाकलं. आत पिवळी पडलेली कवडी, म्हणजे न फुलता घट्ट बसलेला कापूस, आणि गुलाबी अळ्या. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. सगळे तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही उभे राहिलात आणि बोलायला लागलात, तेव्हा मला पहिल्यांदा विचित्र वाटलं, कारण तुम्ही आपल्या बोलीत बोलत नव्हता. पुण्याच्या मराठीत बोलत होता.

"मशीनचं काम शाहीन पाहत होती. ती अजून शिकते आहे. तारखेच्या बाबतीत तिच्याकडून गफलत झाली. लहान आहे, मुद्दाम केलेलं नाही. तिच्या वतीने मी माफी मागतो. तुम्हीही तिला माफ करा."

लोक माझ्याकडे वळले. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही पाणी पीत होता.

भाऊ, नुसता आरोप केला असता तर मी उभी राहून बोलले असते. पण तुम्ही मला माफ केलंत. स्वतः केलेल्या चुकीसाठी तुम्ही मला माफ केलंत, तेही इतक्या मायेने की त्यावर मी काही बोलले असते तर मीच उलट्या काळजाची ठरले असते. सुभाषकाका तर उठून माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. तो हात मला अजून आठवतो.

घरी अब्बांनी विचारलं, "तूने किया?" मी म्हटलं, "नहीं, अब्बा." त्यांनी परत विचारलं नाही. पण ते तुमच्याकडे भांडायलाही आले नाहीत. ते म्हणाले, "वो आदमी अपने घर आया था तेरे वास्ते. वो खुद बोलेगा." अब्बांनी तुमच्यावर माझ्यापेक्षा जास्त भरवसा ठेवला.

तुम्ही म्हणालात, थोडे दिवस येऊ नको, लोक शांत होऊ दे. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. तुम्ही मला काढलं नाहीत आणि बोलावलंही नाहीत. मी दुकानाच्या अर्ध्या भागात टायपिंग आणि फॉर्म भरण्याचं काम सुरू केलं. गटातलं कुणी आलं की टाइप झालेला कागद दोनदा वाचून पाहायचं. "बरोबर हाय ना, पोरी? तारीख पाह्य एकदा." ते चेष्टा करत नव्हते. त्यांना खरंच भीती वाटायची.

आणि तुम्ही? तुम्ही दर ईदला येत राहिलात. दिवाळीला वहिनींच्या हातचा चिवडा येत राहिला. तुम्ही माझ्याकडे लोक पाठवत राहिलात, "शाहीनकडं जा, चांगलं काम करते." मी दर वेळी वाट पाहायचे. तुम्ही खुर्चीवर बसायचात, चहा व्हायचा, अब्बांशी कापसाच्या बोलण्यात रमायचात, आणि मी मनात म्हणायचे, आता. आता म्हणतील. तुम्ही निघून जायचात. तुम्ही वाईट वागला असता तर मी तुम्हाला विसरले असते. तुम्ही चांगलेच वागत राहिलात.

या हिवाळ्यात तुम्ही शेवटचं आलात, रजईसाठी. थकलेले दिसत होता. अब्बा कापूस दाखवत होते. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "त्या वर्षी लोकायचा लय कापूस गेला, नाई शाहीन?"

"हो, भाऊ."

 अब्बांचे हात थांबले. मग तुम्ही म्हणालात, "जुनं झालं आता ते," आणि खोळीसाठी निळं कापड मागितलंत.

तुम्ही गेल्याचं मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. बुलढाण्याला नेतानाच जीपमध्ये तुमचा श्वास थांबला. मी रडले, भाऊ. दुकानाचं शटर ओढून खूप रडले. तुमच्यासाठी रडले, आणि त्या एका वाक्यासाठीही, जे आता कधीच येणार नव्हतं.

तेराव्यानंतर गटाचे सचिव दुकानात आले. पेरण्या जवळ आल्या आहेत आणि मशीन बंद आहे. तुम्ही जाण्याआधी दुसरं मशीन घेतलं होतं, प्रोग्राम त्यावर उतरवला होता, पण तो चालत नव्हता. "तुमच्याशिवाय कोनाले येते ते?" सचिव म्हणाले. मी नाही म्हणणार होते. अब्बा आतून म्हणाले, "जा."

इतक्या वर्षांनी तुमच्या त्या खोलीत पाय ठेवला. मशीन चालू केलं. पडद्यावर तेच. तारखेचं मॉड्यूल सापडत नाही. मला हसू आलं आणि मग रडूही आलं. आता नेट घरोघरी आहे. मी नवं मॉड्यूल घेतलं. त्याने जे मागितलं ते आधी बसवलं, त्या मागितलेल्याने जे मागितलं ते त्याच्याही आधी. प्रोग्राम त्या मॉड्यूलला जुन्या पद्धतीने बोलवत होता, ती ओळ बदलली. दिवस आधी, महिना नंतर, हे स्पष्ट लिहून सांगितलं. मग जूनची सुरुवातीची एकेक तारीख टाकून पाहिली. एका सकाळीत झालं सगळं. एवढंच काम होतं, भाऊ. तेव्हा दोन दिवस लागले असते.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि माझ्याजवळ खाली बसल्या. किती वाळल्या आहेत. मी काही ठरवून गेले नव्हते, पण तोंडातून निघून गेलं. "वहिनी, त्या वर्षी हे मी बिघडवलं नव्हतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "मले माहीत हाय."

मला वाटलं, माझ्या समाधानासाठी म्हणताहेत.

"त्याच दिवशी सांगतलं होतं त्यायनं मले," वहिनी म्हणाल्या. "सभेवरून आले, जेवले नाई. म्हने, रेखा, माह्याकडून पाप झालं, शाहीनच्या अंगावर ढकललं. मी म्हटलं, उठा, आत्ताच्या आत्ता जा चाचाकडं, सांगा. तं म्हने, गटच मोडन. लोकं माह्यावर इसवास ठेवनार नाई, मंग मेसेज कोन वाचन? शाहीन समजून घेईन. ते आपलीच हाय."

"आणि तुम्ही?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी चिवडा पाठवत राह्यलो, बाई. मले दुसरं काय जमलं?"

आपलीच हाय. भाऊ, मी इतकी वर्षं शोधत होते की तुम्ही माझंच नाव का घेतलंत. मी मुसलमान म्हणून का, मुलगी म्हणून का, गरिबाघरची म्हणून का. रागाच्या भरात मी तुमच्यावर हे सगळे आरोप मनातल्या मनात केले. खरं कारण यापेक्षा वाईट निघालं. परक्यावर ढकलता आलं नसतं, परका उलटला असता. मी तुमची होते, म्हणून मी सापडले. आणि तुमच्या घरात ते सगळ्यांना माहीत होतं. दर ईदला माझ्या हातचा शीरखुर्मा खाताना माहीत होतं.

मी वहिनींना सांगितलं, मशीनचं काम मी घेईन, पण आधी गटासमोर हे बोलेन. त्यांनी कप उचलले. मग म्हणाल्या, "मानूस गेलं आता, शाहीन." मी म्हटलं, "मी आहे ना अजून."

गटाची सभा त्याच शेडमध्ये भरली. तुमच्या फोटोला हार होता. आधी दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग सचिव म्हणाले, यंदापासून मशीन शाहीन पाहणार. मागून कुजबुज झालीच. मी उभी राहिले.  मी आपल्याच बोलीत बोलले.

"त्या वर्षी तारखा उलट्या झाल्या त्या माह्यानं नाई. जुनं मॉड्यूल भाऊनं टाकलं होतं. मी नको म्हटलं होतं. भाऊनं मले खूप शिकवलं, ते मी मरेपर्यंत इसरनार नाई. पन ते चूक माही नव्हती, आन् माह्या वतीनं माफी मागाचं कारन नव्हतं."

कुणीतरी म्हणालं, "मेलेल्या मानसावर काऊन घालते?"

तेव्हा वहिनी उठल्या. पांढऱ्या साडीतल्या, बायकांमधून. त्यांनी तुमच्या फोटोकडे पाहिलं नाही. "हाव," त्या म्हणाल्या. "खरं सांगून राह्यली ते. मले माहीत होतं." आणि खाली बसल्या. शेजारची बाई त्यांच्यापासून थोडी सरकली, ते मी पाहिलं. मला खरं बोलायला जितकं बळ लागलं, त्याहून त्यांना त्या एका शब्दाला जास्त लागलं असणार.

 मी सुभाषकाकांकडे पाहत होते. मला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं, काय ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते म्हातारे झाले आहेत आता.

"ते झालं, पोरी," ते म्हणाले. "मंग यंदा तारीख बरोबर पडन ना?"

मला धक्काच बसला. इतक्या वर्षांचं ओझं मी त्यांच्यासमोर उतरवलं आणि ते म्हातारे आपल्या कपाशीचं विचारत होते. पण त्यांच्या डोळ्यांत अविश्वास नव्हता. ते मलाच विचारत होते. दुसऱ्या कुणाकडेही पाहत नव्हते.

"पडेल, काका," मी म्हटलं.

"मंग लिही माही," म्हणून त्यांनी यंदाच्या पेरणीची ठरवलेली तारीख सांगितली. त्यांच्यामागे दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. मी लिहीत गेले.  सगळं संपल्यावर शेड रिकामी झाली, सचिवांनी तुमचा फोटो काढून कापडात गुंडाळला आणि मला घरी सोडायला निघाले.

भाऊ, मी माझ्या तोंडाने सांगितलं. वहिनींनी हो म्हटलं. लोकांनी ऐकलं आणि आपापल्या घरी जेवायला गेले. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं असं म्हणायला हवं. पण मला तुमच्या तोंडून हवं होतं. बाकीच्यांना त्यात काही फार कळलं नाही, आणि ज्याला कळलं असतं तो माणूस गेला. यासाठी मी तुम्हाला माफ करीन की नाही, ते आज सांगत नाही. तुम्ही माझ्या वतीने फार लवकर माफी मागितली होती. मी माझा वेळ घेईन.